भिंतीपलीकडचा काटा

१

धाकट्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या, जिना चढताना गुडघे बोलायला लागले, तरी तो धाकटाच राहिला. डोक्यावर थोरला भाऊ असला की माणसाला म्हातारं व्हायचीसुद्धा मुभा नसते. दोघं मिळून एकच काम करत. जुन्या मोटारींचे ऑइल पंप उघडायचे, झिजलेलं बदलायचं, आणि नव्यासारखे करून परत द्यायचे. मोटारीचं दुसरं काही बिघडलं तर ती रस्त्यात थांबते, चारचौघांत मालकाची शोभा करते आणि विषय संपतो. ऑइल पंप बिघडला तर ती थांबत नाही, धावत राहते आणि आतल्या आत स्वतःला खात जाते. म्हणून थोरला प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "बाकी सगळं नंतर, आधी पंप."

त्या आठवड्यात कामाला दातांच्या डॉक्टरीणबाईंचे दोन पंप होते. मोटार त्यांच्या वडिलांची, वापराविना उभी होती, आणि बाईंना ती पुन्हा रस्त्यावर आणायची होती. तिचा मूळचा पंप गिअरचा. त्यात दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात आणि दातांच्या खाचांतून तेल कडेकडेनं पुढे ढकलतात. दुसरा त्याच इंजिनाच्या नंतरच्या मॉडेलचा, रोटरचा. त्यात चार पाकळ्यांचा तारा पाच खाचांच्या कड्यात फिरतो आणि मधली जागा उघडत-मिटत तेल ओढते. दोन्ही एकाच जागी बसतात. "दोन्ही करून बघा, जो चांगला तो बसवा," एवढं बोलून बाई निघून गेल्या आणि इकडे दोघा भावांत जुंपली.

"गिअरला तोड नाही," थोरला म्हणाला. "झिजला तरी इमान सोडत नाही."

"आणि रोटर, दादा?"

"रोटर म्हणजे घरजावई. जागा कमी घेतो, पण मिजास फार."

"थंड इंजिनात तेल पटकन उचलतो तो."

"उचलतो की. आणि कव्हर जरा खरवडलेलं असलं तर तितक्याच पटकन सोडूनही देतो."

असले वाद तोंडानं मिटत नसत, चाचणीवर मिटत. धाकट्यानं दोन्ही पंप खोलले, रॉकेलमध्ये धुतले, कव्हरच्या प्लेटा जाड काचेवर पेस्ट लावून चरे जाईपर्यंत घासल्या, आसाभोवतीचे नवे बुश ठोकले, जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची दमलेली स्प्रिंग बदलली. आधी गिअरचा पंप बाकावर चढवला.

चाचणीचा बाक म्हणजे दोन खोल्यांचा कारभार होता. मागच्या अंधाऱ्या खोलीत तेलाची टाकी, तीवर पंप, आणि पंप फिरवायचं हँडल. पंपातून तांब्याची नळी निघायची, भिंतीतल्या भोकातून पुढच्या खोलीत जायची, आणि तिथे खिडकीच्या उजेडात तिच्या टोकाला प्रेशरचा काटा आणि एक तोटी. भोकात नळीभोवती चिंधी कोंबलेली. धाकटा मागे हँडल मारायचा, थोरला पुढे स्टुलावर बसून काटा वाचायचा.

"किती?"

"तीस."

"आता?"

"चाळीस. हात बदल, दमलास."

भिंतीतून येताना आवाज डब्यात बोलल्यासारखा व्हायचा. पण "हात बदल" हे थोरल्याचं ठरलेलं. धाकटा उजव्याचा डावा हात करायचा आणि पुढे फिरवायचा. गिअरचा पंप चाळिसावर पोचला आणि तिथेच राहिला. थोरला जिंकल्यातच जमा होता.

२

रोटरच्या वेळी ती गोष्ट झाली.

धाकटा हँडल मारत होता. तेल भराभर चढत होतं, हाताला लागतच होतं ते. "किती?" त्यानं विचारलं. "पंचेचाळीस," पलीकडून आलं. धाकटा मनातल्या मनात खूश झाला. दोनदा हात बदलून झाला, पन्नास आले, तेव्हा तो हात पुसत पुढच्या खोलीत गेला, दादाचं तोंड बघायला.

स्टूल रिकामं होतं. खिडकीपाशी डॉक्टरीणबाई पर्स धरून उभ्या होत्या.

"मोठे मिस्त्री नाहीत का?" त्यांनी विचारलं. "मी बराच वेळ उभी आहे. तुमचं चाललं होतं म्हणून हाक मारली नाही."

"हे काय, आत्ता इथेच होते."

"नाही हो. मी आले तेव्हापासून इथे कुणीच नाही."

धाकटा हसला. "मग मला पन्नास कुणी सांगितलं?"

बाई जरा अवघडल्या. "तुम्हीच की. तुम्हीच विचारत होता, तुम्हीच सांगत होता. आवाज मागूनच येत होता."

तेवढ्यात रस्त्यापलीकडून थोरला आला, भिंतीला हात लावत लावत. समोर चहा प्यायला गेला होता म्हणे. धाकट्यानं बाईंना रोटरचे गुण सांगितले, निकाल दोन-चार दिवसांत देतो म्हणाला, त्यांना वाटेला लावलं. मग मागे जाऊन पंपाकडे बघत उभा राहिला. आपण स्वतःच बोललो असू, त्यानं स्वतःला समजावलं. इतकी वर्षं ऐकलेलं उत्तर कानात आपोआप वाजत असेल. सवयीचं माणूस, दुसरं काय.

पण मग पन्नास कुठून आले? मागच्या खोलीतून तर काटा दिसतही नव्हता. स्वतःशी खोटं बोलायचं तर कुणी इतकं नेमकं कशाला बोलेल?

३

रात्रीचं जेवण धाकटा थोरल्याकडेच घ्यायचा. त्याचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं, आणि "एका माणसासाठी चूल कशाला पेटवायची" असं वहिनी पहिल्यापासून म्हणत आली होती. त्या संध्याकाळी थोरला आत पडला होता. वहिनीनं ताट वाढलं आणि समोर बसली.

"भावोजी, खरं सांगा. तिकडे हे नक्की काय करतात?"

"काटा वाचतात, वहिनी. आणि मला शिव्या देतात."

"थट्टा नको. भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही त्यांना. काल मी दारात उभी, तर मलाच विचारतात, कोण आलंय? डोळ्यांत पडदा आलाय, उपाय नाही असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. तुम्हाला बोलले नाहीत ना? कसे बोलतील. मग तो काटा कसा वाचतात ते सांगा."

धाकट्याचा घास हातातच राहिला.

"उद्या एखाद्या पंपाला हे चुकीचा आकडा सांगतील, तुम्ही तो पास कराल, आणि कुणाच्या तरी बायका-पोरांची गाडी भर वेगात बंद पडेल. तुमच्या दोघांच्या अब्रूचा प्रश्न आहे. उठवा त्यांना त्या स्टुलावरून. मी म्हटलं तर माझ्यावर डाफरतील, तुम्ही म्हटलं तर ऐकतील."

धाकट्यानं मान हलवली, पण त्याला ते जमणार नव्हतं. थोरल्याचे हात थरथरायला लागले तेव्हा घासायच्या कानशी हातातून गेल्या, मग फटी मोजायचं फिलर गेज गेलं, मग पकडीचा व्हाइस गेला. आता उरलं होतं ते एक स्टूल. ते काढून घेतलं तर दादाला सकाळी उठायला कारण राहणार नाही, हे धाकट्याला लख्ख दिसत होतं. त्यानं बाहीनं डोळे पुसले. आमटी तिखट झाली म्हणून त्यानं वेळ मारून नेली, आणि वहिनी पाणी आणायला आत गेली.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं थोरल्याला न सांगता मागच्या खोलीतच, नळीला जोड देऊन, आणखी एक काटा बसवला. आकडे चुकत असतील तर तिथल्या तिथे कळेल. मग दादाला कसं सांगायचं ते बघू.

"किती?"

"वीस."

त्याच्या समोरच्या काट्यावर वीस होते. तो जोरात फिरवायला लागला.

"आता?"

"पस्तीस."

पस्तीसच. त्यानं मुद्दाम वेग कमी केला, मध्येच वाढवला, अर्ध्यात थांबून पुन्हा मारलं. पलीकडचा आकडा एकदाही चुकला नाही. उलट कधीकधी त्याच्या काट्याच्या जरा आधीच यायचा.

वहिनीचं काहीतरी चुकतंय, धाकट्याला वाटलं, आणि इतकं हलकं वाटलं की तो तडक पुढे गेला. थोरला स्टुलावर बसला होता. चष्मा काट्याकडे होता, पण काट्याच्या जरा डावीकडे.

"दादा, मानलं तुला. वहिनी म्हणते तुला दिसत नाही. एक आकडा चुकला नाहीस."

 थोरल्यानं चष्मा काढला आणि तो सदऱ्यानं पुसायला लागला. पुसत राहिला.

"चेष्टा करू नकोस रे," तो शेवटी म्हणाला. "मी कुठे सांगतो आकडे? महिना होऊन गेला, मी तोंडसुद्धा उघडत नाही इथे."

"मग कोण सांगतं?"

"तूच की. तिकडे तूच विचारतोस आणि तूच सांगतोस. मला वाटलं, याला कळलंय माझ्या डोळ्यांचं. बोलत नाही, पण माझी लाज राखतोय. म्हणून मीही गप्प बसायचो." त्याचा आवाज बसला. "घरी गेल्यावर रडलोसुद्धा एकदा. म्हटलं, भाऊ असावा तर असा."

 पुढे बसणाऱ्याला आवाज मागून येत होता. मागे बसणाऱ्याला पुढून येत होता. मध्ये होती ती एका विटेची भिंत.

"दादा," तो हळूच म्हणाला, "मी तर फक्त विचारतो."

५

दोघांनी मिळून खात्री करायची ठरवली. दिवसाढवळ्या, दार सताड उघडं ठेवून. थोरला तोंडात पाण्याचा घोट धरून स्टुलावर बसणार, म्हणजे बोलला तर कळेल. दोन्ही हात गुडघ्यांवर. धाकटा मागे हँडल मारणार आणि भोकातली चिंधी काढून पलीकडे बघणार.

हे करताना धाकट्याला स्वतःचंच हसू येत होतं. दोन म्हातारे लपंडाव खेळतायत, बाईंनी पाहिलं तर मोटार दुसरीकडे नेतील. त्यानं हँडल फिरवायला सुरुवात केली. रोटरनं तेल उचललं, नळी थरथरली. दुसऱ्या हातानं त्यानं चिंधी ओढून काढली आणि वाकून भोकाला डोळा लावला.

पलीकडे काळोख होता.

पुढच्या खोलीला मोठी खिडकी होती, ऊन होतं. भोकातून उजेड यायला हवा होता. चिंधीचा एखादा तुकडा अडकला असेल म्हणून त्यानं डोळा मागे घेतला, तेव्हा भोकातून ऊबदार हवा त्याच्या पापणीवर आली. जळक्या तेलाचा वास होता तिला.

"तीस," कुणीतरी म्हणालं. भोकातूनच, अगदी जवळून.

धाकट्याचा हात चालूच होता. तो थांबवायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

मग भोकातला काळोख सरकला. वाकलेलं माणूस पाठ सरळ करतं तसा. उजेड आत येता येता त्याला एक ओला खालचा ओठ दिसला, त्याखाली खुरटी दाढी, आणि तेलाचा डाग. मग खिडकी दिसली, स्टूल दिसलं, स्टुलावर थोरला. गाल फुगलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर.

धाकटा धावत पुढे गेला. खोलीत थोरल्याखेरीज कुणी नव्हतं. थोरल्यानं पाणी गिळलं आणि त्रासल्यासारखं बघितलं.

"बघायचं होतं तर मागून बघायचं ना," तो म्हणाला. "माझ्यासमोर भिंतीला तोंड लावून कशाला उभा राहिलास? माणसाचा आकार कळतो मला अजून. आणि तू इथे होतास, मग हँडल कोण मारत होतं?"

६

धाकट्यानं त्याच दुपारी थोरल्याला हाताला धरून घरी पोचवलं. डोळ्यांचं तुमचंच खरं होतं, आता स्टूल बंद, एवढं वहिनीला सांगितलं, बाकीचं सांगितलं नाही. ते कसं सांगणार? वहिनीनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "देव तुमचं भलं करो, भावोजी." त्याला वाटलं होतं दादा आकांडतांडव करेल.  पण दादा आत जाता जाता एवढंच म्हणाला, "चिंधी परत कोंब हं. तेल ठिबकतं."

धाकट्यानं चिंधीवर सिमेंट लिंपलं. स्टूल उचलून माळ्यावर टाकलं. मागचा काटा आता डोळ्यांसमोर होता, त्यामुळे कुणाला विचारायची गरज नव्हती. रोटरची चाचणी एकट्यानं पुरी केली, आणि गंमत म्हणजे पंप खरोखरच उत्तम निघाला. हरलेला दादा समोर नव्हता, तर जिंकण्यात काही राम नव्हता.

काही दिवस काहीच झालं नाही. धाकटा जेवायला जायचा तेव्हा थोरला लवकर निजलेला असायचा. भिंतीतून आवाज आला नाही. आपण विचारत नाही म्हणून येत नाही, एवढं त्याला कळत होतं. म्हणून तो दिवसभर तोंड मिटून काम करायचा, आणि हँडल मारताना तर ओठ दातांत धरायचा.

७

ज्या सकाळी डॉक्टरीणबाई पंप न्यायला येणार होत्या, त्या सकाळी वहिनीचा फोन आला. धाकटा रोटरचा पंप बाकावरून उतरवायला निघाला होता. हातात पाना होता.

"भावोजी, हे कसंतरीच करतायत."

"काय झालं?"

"तीन दिवस झाले, पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसतात आणि आकडे म्हणतात. म्हटलं, कामाची आठवण येत असेल, म्हणू देत. परवा चाळीस-चाळीस म्हणत होते. काल तीस. आज सकाळपासून खाली खालीच येतायत. डॉक्टर बघून गेले, म्हणतात वयाचं आहे. पण हातपाय गार पडलेत हो. मला भीती वाटते."

"फोन त्यांच्या तोंडापाशी धरा."

फोनमध्ये खसखस झाली, मग श्वास ऐकू आला. मग थोरल्याचा आवाज, अगदी क्षीण.

"पंधरा."

आणि त्याच क्षणी सिमेंट लिंपलेल्या भोकातून, डब्यात बोलल्यासारखा, "पंधरा."

धाकट्यानं समोरच्या काट्याकडे पाहिलं. पंप कालपासून बंद होता. काटा शून्यावर असायला हवा होता. तो पंधरावर होता, आणि बघता बघता हलक्यानं खाली येत होता.

काही विचार करायला सवडच मिळाली नाही. त्याच्या हातानं पाना टाकला आणि हँडल धरलं. त्यानं फिरवलं. रोटरनं लगेच तेल उचललं, तेवढं इमान त्यानं राखलं.

"वीस," भिंत म्हणाली.

"वीस म्हणतायत," वहिनी फोनवर म्हणाली. "भावोजी, ऐकताय ना? आता पंचवीस म्हणाले. तोंडावर रंग आला बघा! तुम्ही बोलत राहा, तुमचा आवाज कळतोय वाटतं त्यांना."

धाकटा एक शब्दही बोलला नव्हता. तो फिरवत होता. फोन खांद्यात धरून, वाकून, जिवाच्या आकांतानं फिरवत होता. हे सगळं खुळं आहे, थांबून तर बघ, त्याचं एक मन म्हणत होतं. त्यानं थांबून पाहिलं, फक्त घाम पुसण्यापुरतं. काटा घसरला. फोनमध्ये वहिनी किंचाळली. त्यानं पुन्हा हँडल धरलं आणि मग थांबून बघायचा विचार सोडून दिला.

पुढच्या खोलीत दार वाजलं. चपलांचा आवाज आला, पर्सची साखळी वाजली.

"या, बाई," पुढे कुणीतरी म्हणालं. दादासारखंच.

"अरे वा, मोठे मिस्त्री! आज भेटलात!" डॉक्टरीणबाई आनंदानं म्हणाल्या. "पंप झाला का माझा?"

"होतोय. धाकटा मागे बसलाय, त्याचं चाललंय अजून. तुम्ही टेका ना."

माळ्यावरचं स्टूल फरशीवर ओढल्याचा आवाज धाकट्यानं ऐकला. त्याला ओरडायचं होतं, बाई, बाहेर जा, पण दम पुरत नव्हता. दंड जळत होता, खांदा निखळायला आला होता. काटा चाळिसावर थरथरत होता, आणि कानाशी वहिनी हसत-रडत सांगत होती की ह्यांनी डोळे उघडले, ह्यांनी पाणी मागितलं, हे म्हणतायत धाकटा कुठाय.

भिंतीतून ऊबदार हवा आली. सिमेंट कुठे गेलं होतं, त्यानं पाहिलं नाही.

"दमलास," आवाज मायेनं म्हणाला. "हात बदल."

धाकट्यानं हात बदलला.